वाडग्यावरचा हात

त्या वर्षी जपानात तांदूळ कमी पडला. आधीचा उन्हाळा उन्हाळ्यासारखा आलाच नव्हता. सगळा थंड, ओला, ढगाळ गेला होता, आणि वसंत येईपर्यंत दुकानांतला जपानी तांदूळ तळाला लागला. मग थायलंडचा तांदूळ आला. लांब दाण्याचा, वासाचा, शिजला की दाणा न् दाणा सुटा. दुकानदार जपानी तांदळाच्या पिशवीबरोबर ही दुसरी पिशवी गळ्यात मारायचे आणि बायका नाकं मुरडत ती घरी न्यायच्या. चिकटत नाही, काड्यांनी उचलता येत नाही, वास येतो, एक ना दोन तक्रारी. मी मात्र पहिल्या दिवशी कुकरचं झाकण काढलं आणि तशीच उभी राहिले. किती वर्षांनी घरात मोकळ्या भाताची वाफ आली होती! डोळे भरून आले हो माझे. भाताकडे बघून रडणारी बाई त्या गावात मी एकटीच असेन.

ही बातमी आमच्या इमारतीत कशी पसरली देव जाणे, पण आठवडाभरात आमच्या दाराच्या मुठीला पिशव्या लटकायला लागल्या. दार उघडावं तर थाई तांदूळ, आणि जिन्यात लगबगीने उतरणारी पावलं. सगळ्यांची नकोशी झालेली लेक आमच्याकडे नांदायला येत होती. एका बाईंनी मात्र लपून पिशवी ठेवली नाही. त्या बेल वाजवून, वाकून, हसून देऊन गेल्या. त्यांची मुलगी आमच्या मुलीच्या वर्गात होती, डोळ्यांपर्यंत सरळ कापलेल्या केसांची, कपाळ कधीच न दिसणारी. मी तिला मनातल्या मनात झिपरी म्हणायचे.

आम्ही त्सुकुबात राहत होतो. आमचे हे तिथल्या एका संस्थेत कसल्याशा अतिपातळ थरांवर संशोधन करायचे. मला त्यांनी पुष्कळदा समजावून सांगितलं आणि मी दर वेळी "हो का?" म्हणाले. गाव सगळं आखून काढलेलं. रस्ते एवढे रुंद की पलीकडून येणारा माणूस ओळखू येऊ नये, आणि पलीकडून माणूस सहसा येतच नसे. दुपारी सायकल काढली की दोन्हीकडे झाडं, संस्थांची लांबच लांब कुंपणं, आणि उत्तरेला दोन शिखरांचा डोंगर. तोही कधी असायचा, कधी धुरकट हवेत पुसून गेलेला असायचा. संध्याकाळी पाचला खांबावरच्या कर्ण्यांतून एक संथ गाणं वाजायचं, मुलांनी खेळ आवरून घरी जावं म्हणून. एका खांबावरचं गाणं दुसऱ्याच्या जरासं मागे असायचं, त्यामुळे सूर संपले संपले वाटत असताना लांबून परत यायचे. आजही ते दिवस आठवले की मला तसेच आठवतात. काय आधी, काय मागून, नीट लागत नाही, पण सूर येत राहतो.

लेक तेव्हा नुकतीच दुसरीत गेली होती. जपानला आलो तेव्हा घडाघडा मराठी बोलायची, आजोबांची नक्कल करून दाखवायची. मग हळूहळू काय झालं कळलं नाही. मी मराठीत विचारायचे, ती जपानीत उत्तर द्यायची. "आई" तेवढं राहिलं होतं, पुढचं सगळं त्यांचं. हे म्हणायचे, "अगं, पोरं अशीच असतात, बोलेल." मी म्हणायचे, "कधी? तिच्या लग्नात?"

त्या वसंतात ती शाळेतून उशिरा यायला लागली. बाकीची मुलं पिवळ्या टोप्या घालून, रांगेने, चिवचिवत यायची. मी गच्चीत उभी राहून बघायचे. गच्ची म्हणजे आपली हातभर. तिथे पुण्याहून आणलेले धणे मी डब्यात पेरले होते आणि कोथिंबीर बोटभर वर आली होती. कोथिंबिरीला पाणी घालता घालता मी टोप्या न्याहाळायचे. त्यांत आमची नसायची. ती मागून यायची, एकटी, दप्तराच्या ओझ्याने पुढे झुकलेली. कुठे होतीस विचारलं की म्हणायची, खेळत होते. मला खरंच वाटलं हो. खेळतेय म्हणजे मैत्रिणी मिळाल्या असतील, असं मी ह्यांना कौतुकाने सांगितलंसुद्धा.

एक दिवस ती शाळेच्या आत घालायचे वेगळे बूट घरी विसरून गेली. ते द्यायला म्हणून मी दुपारी शाळेत गेले. वर्गाचं दार उघडं होतं. जेवणाची वेळ होऊन गेली होती, आणि तिथल्या पद्धतीप्रमाणे मुलं स्वतःच वर्ग झाडत होती. सगळी बाकं मागे लोटलेली, अर्धी मुलं केरसुण्या घेऊन, अर्धी ओल्या फडक्यांनी फरशी पुसत पळणारी. आणि मागे लोटलेल्या त्या बाकांच्या गर्दीत, एका बाकावर, आमची लेक बसली होती. पुढ्यात जेवणाचा ट्रे. वाडग्यात तपकिरी रस्सा, वर थंड होऊन साय धरलेली चरबी. तिने हात मांडीवर ठेवले होते आणि ती कोणाकडेच बघत नव्हती. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात केर उडत होता, सोनेरी दिसत होता. एवढं सुंदर ऊन आणि त्यात माझं पोर तसं बसलेलं, ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून अजून हललेलं नाही.

वर्गाच्या नव्या बाई माझ्याकडे बघून प्रसन्न हसल्या. वाढलेलं सगळं संपवल्याशिवाय उठायचं नाही हा नियम, त्या म्हणाल्या, आणि तुमची मुलगी रोज फार छान प्रयत्न करतेय. रोज! माझं डोकं असं फिरलं म्हणता. पण भांडायला भाषा लागते, आणि माझं जपानी होतं नमस्कार-चमत्कारापुरतं. मनात अस्सल पुणेरी तोंडसुख घेत मी कमरेत वाकले, "आपली कृपा" म्हणाले, बूट ठेवले आणि बाहेर आले. सायकलला पायडल मारताना रस्ता दिसत नव्हता.

संध्याकाळी तिला जवळ घेऊन विचारलं. ती जपानीत म्हणाली, रश्श्यात गाईचं कुठलं ते कळत नाही.

आता हे कुठून आलं ते सांगते. आमच्या घरात मांसमच्छी नव्हतीच, अंडं तेवढं चालायचं. ती शाळेत जायला लागली तेव्हा मी म्हटलं होतं, "बाकीचं काय ते बघू, पण गाईचं नको हं खाऊस." झालं. सात वर्षांचं पोर ते. तिने डोकं चालवलं आणि तपकिरी दिसेल ते सगळंच सोडलं. रस्सा नाही, करी नाही, वड्या नाहीत. आईचा शब्द धरून ती रोज त्या केरात बसत होती.

"मी बाईंना सांगते," मी म्हटलं. "तुला घरून डबा देते." तर ती एकदम रडायलाच लागली. डबा नको. वेगळं नको. सगळ्यांनी एकच खायचं असतं, वेगळा डबा आणला तर सगळे बघत राहतील. तेवढं नको, आई.

"मग खा म्हणून सांग ना तिला," हे हळूच म्हणाले.

"तुम्ही सांगा."

ह्यांनी पेपर उघडला. कॅन्टीनमध्ये ते स्वतः काय खातात ते मी कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. आमच्या संसाराचा तो एक समजूतदार कोपरा होता. पण पोरीला तोंडाने "खा" म्हणणं दोघांनाही जमेना. "नको" म्हणायचा हक्क तर मी आता गमावलाच होता. मला दुसरं काही नको होतं. सगळी उठतात तेव्हा तिनेही उठावं, सगळ्यांबरोबर घरी यावं, बस्स.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात बसवेना. वरच्या मजल्यावरून जिऱ्याचा वास येत होता. कांदा, जिरं, टोमॅटो, मिरची. मी चपला अडकवल्या आणि वासामागून वर गेले.

वर एक मेक्सिकन बाई राहायची. तिचा नवरा भूकंपांचा अभ्यास करायला आला होता आणि ती नवऱ्याबरोबर आली होती, म्हणजे आमची दोघींची जात एकच. गोल चेहरा, मोठा आवाज, चालताना गुणगुणायची. ती मोडकं इंग्रजी बोलायची, मी मोडकं जपानी, आणि मधल्या खड्ड्यांवर हातवाऱ्यांची फळी टाकून आम्ही तासन् तास गप्पा मारायचो. मी दारात उभी राहिले आणि तिने माझ्या तोंडाकडे बघून आधी खुर्ची ओढली.

टेबलावर लहान लहान वाडगे मांडले होते. एकात खिमा, बीफचा, जिरं-मिरची घालून परतलेला. एकात राजम्यासारखा लाल घेवडा. कांदा-टोमॅटो बारीक चिरून लिंबू पिळलेला. आपली कोशिंबीरच की ती! मक्याचे दाणे, कोबी, किसलेलं चीज. आणि मधोमध मोठ्या पातेल्यात थाई भात. तिच्याही दाराला पिशव्या लटकल्या होत्या तर! आमच्याकडे हे सगळं मक्याच्या रोटीत घालून खातात, ती म्हणाली, पण तसलं पीठ इथे मिळत नाही, मग मी भातावर घेते. खोल वाडग्यात खाली भात, वर ज्याला जे हवं ते. नवऱ्याला तिखट नको, तो मिरची घेत नाही. मला चीज नको. तुला मांस नको, तू घेवडा घे.

"आणि वाढतं कोण?" मी विचारलं.

"कोणी नाही. ज्याचं त्याने घ्यायचं."

मला ते भलतंच वाटलं. आपल्याकडे जेवायला बसलेल्या माणसाला "तुमचं तुम्ही घ्या" म्हणणं म्हणजे जवळजवळ "आता निघा" म्हणणं. पण मी घेतलं. भात, घेवडा, कोशिंबीर, भरपूर मिरची. पहिल्या घासाला जिरं आणि लिंबू असं काही नाकात गेलं की मी कुठे आहे तेच क्षणभर कळेना. खिडकीबाहेर चेरीच्या पाकळ्या गळत होत्या, वाऱ्याने उलट्या वर जात होत्या, आणि माझ्या तोंडात घरची चव होती, जी माझ्या घरची नव्हती. समोर ती बीफ खात होती, मी घेवडा खात होते, एकाच टेबलावर, एकाच पातेल्यातल्या भातावर. जेवता जेवता मी तिला सगळं सांगून टाकलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, पोरीला भात दे, वाडगे मांड, आणि गप्प बस.

गप्प बस! मला! पण तिचं बोलणं मनात बसलं. जे मला तोंडाने म्हणता येत नव्हतं ते टेबलावर मांडता येण्यासारखं होतं. आणि एकट्या लेकीसाठी कशाला? तिच्या वर्गातल्या गटाच्या, शेजारी बसून जेवणाऱ्या मुलींना बोलवावं. आजवर तिने कोणाला घरी आणलं नव्हतं. तांदळाबद्दल आभार म्हणून मी झिपरीच्या आईला आमंत्रण दिलं, तिने बाकीच्यांच्या आयांना सांगितलं, आणि रविवार दुपार ठरली.

वरची म्हणाली, बीफ मी माझ्याकडे करून आणते, तू हात लावू नकोस. मी विचार केला, पोरीपुढे वाडगा ठेवायचा तर तो माझ्या घरात शिजलेला असावा. नाहीतर त्याला काही अर्थ नाही. मग एक नवी कढई आणली. खिमा तिने परतला, कारण खिम्याची ती कागदी तबकडी माझ्याच्याने उघडवेना, खोटं कशाला बोलू. मी पाठ करून कांदा चिरत उभी राहिले. नंतर जिरं, तिखट, टोमॅटो मी घातला. मीठही मीच. चव कशी बघणार? मग आठवलं, गौरीचा स्वयंपाक आपण चाखत नाही. नैवेद्य दाखवायच्या आधी कोणी जिभेला लावत नाही. वासावरून, रंगावरून, हाताच्या अंदाजाने मीठ घालायचं, आणि आईच्या हाताखाली मी ते शिकले होते. त्याच अंदाजाने मी मीठ घातलं. वरचीने चमचा तोंडात घालून डोळे मिटले. अगदी बेताचं आहे म्हणाली. आईची विद्या कुठे कामी आली ते आईला कळवायची माझी काही छाती झाली नाही.

मुली आल्या. दारात बूट ओळीने, टाचा आत, टोकं बाहेर. बैठ्या टेबलाभोवती गुडघे दुमडून बसल्या. आमची लेक त्यांच्यात बसली होती, लालेलाल होऊन, टेबलाकडे बघत. आई आता काय करणार याची तिला धाकधूक असणार. मी आठवडाभर घोकलेलं जपानी वाक्य म्हटलं: जे आवडेल ते घ्या, जे आवडत नाही ते घेऊ नका.

सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. झिपरीने हळूच विचारलं, "होंतो?" खरंच? नाही घेतलं तरी चालेल?

"खरंच," मी म्हटलं.

मग काय विचारता! एकीने नुसता भात आणि मका. एकीने चीजचा डोंगर. एकीने खिमा तीनदा चमचे भरून. कोथिंबीर सगळ्यांनी हुंगली आणि सगळ्यांनी नाकं मुरडली, म्हटलं चला, मला उरली. लेक शेवटी राहिली. तिने भात घेतला. घेवडा घेतला. मग तिचा चमचा खिम्याच्या वाडग्यावर येऊन थांबला आणि तिने माझ्याकडे बघितलं.

मी गप्प बसले. आयुष्यात इतकं जड गप्प मी कधी बसले नसेन. नुसती मान हलवली, "तुझं तू बघ" अशी. तिने एक चमचा घेतला, भातावर ठेवला, आणि मैत्रिणींबरोबर हात जोडून, जेवणाआधी म्हणतात ते "इतादाकिमास" म्हणून जेवायला लागली. पोटात काहीतरी तुटलं माझ्या, नाही असं नाही. पण ते तुटलं आणि त्याच क्षणी तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलेलंही मला दिसलं. ती हसत होती. तोंडात घास घेऊन, जपानीत, काहीबाही सांगत होती आणि बाकीच्या खिदळत होत्या. खिडकीतून ऊन येत होतं, आणि वरची बाई गुणगुणत लिंबं कापत होती. घरात इतकी पोरं, इतका आवाज. मला ते सगळं पाण्यातून ऐकू आल्यासारखं वाटत होतं. आनंद झाला की मला असंच होतं, कानात पाणी गेल्यासारखं.

आणि त्या आनंदात मी डाव हातात घेतला.

काय झालं सांगू? झिपरीचा वाडगा रिकामा झाला होता. नुसता रिकामा नाही, चाटूनपुसून लख्ख, एक शीत नाही. आता रिकामं ताट दिसलं की माझ्या हाताला राहवत नाही. आमच्याकडे पाहुण्याचं ताट रिकामं पडणं म्हणजे यजमानिणीची नामुष्की. मी भात वाढला, वर खिमा घातला. पोरीने वाकून आभार मानले आणि खाल्लं. पुन्हा लख्ख. अगबाई, भूक दिसतेय! मी पुन्हा वाढलं. पुन्हा आभार, पुन्हा लख्ख. दुसरीचं तसंच, तिसरीचं तसंच. मी टेबलाभोवती फिरत होते, डाव नाचवत, "अजून थोडा, एवढासा, लाजू नका" असं चक्क मराठीत बोलत. मला वाटलं, काय गोड पोरी आहेत, किती आवडीने खातायत! आपल्याकडे कसं, पाहुणा "पुरे हो, पुरे" म्हणून आडवा हात घालतो, आपण तरी वाढतो, तो पानात थोडं टाकतो, सगळ्यांना आपापल्या जागा ठाऊक असतात. या बिचाऱ्यांना कोणी शिकवलं होतं? त्यांना दोनच गोष्टी ठाऊक होत्या. दिलेलं नाकारायचं नाही, आणि वाडग्यात शीत ठेवायचं नाही.

झिपरीच्या वाडग्यावर मी पुन्हा डाव नेला, आणि मध्ये एक हात आला.

आमच्या लेकीचा. तिने तळहात झिपरीच्या वाडग्यावर पालथा धरला होता, बोटं पसरून, आणि दुसरा हात त्याच्यावर. डावातला भात तिच्या बोटांवर सांडला. ती माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाली,

"आई, पुरे!"

मराठीत. किती महिन्यांनी! आणि तो हात तरी कुठून आला तिच्याकडे? मग आठवलं. पुण्याला एका लग्नात, ती चार वर्षांची असताना, पंगतीत आजोबांच्या शेजारी बसली होती. जिलबीवाला आला की आजोबा पानावर पालथे हात धरून "पुरे, पुरे" म्हणून ओरडायचे आणि तिच्याकडून तेच करून घ्यायचे. तिला तो खेळच वाटला होता. तो खेळ तिने जपून ठेवला होता आणि मला पत्ताही नव्हता.

मी झिपरीकडे बघितलं. डोळ्यांवर आलेल्या त्या केसांखाली तिचे डोळे भरले होते. हात मांडीवर, नजर कोणाकडेच नाही. अगदी तसंच. वर्गातल्या त्या बाकावर मी जे पाहिलं होतं तेच माझ्या टेबलाशी बसलं होतं, आणि बाईंच्या जागी हसतमुखाने मी उभी होते, डाव घेऊन. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. डाव पातेल्यात ठेवला आणि खाली बसले. "चुकलं गं बाळ," मी झिपरीला म्हटलं, तेही मराठीतच, पण तिला कळलं असावं. तिने डोळे पुसले.

मग आमच्या लेकीने सूत्रं हातात घेतली. ती मैत्रिणींना जपानीत समजावू लागली. माझ्या आईच्या देशात, ती म्हणाली, संपवलं की आणखी येतं. थांबवायचं तर असा हात धरायचा आणि म्हणायचं, पुरे. मुलींनी एकमेकींकडे बघितलं. एकीने वाडग्यावर हात धरून बघितला. "पुले?" "पुरे!" लेकीने दुरुस्त केलं. मग मी रिकामा डाव उचलून उगाच त्यांच्या वाडग्यांकडे नेते आणि त्या किंचाळत हात आडवे घालतात, असा खेळच सुरू झाला. झिपरी सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती. वरच्या बाईने तिच्या भाषेतला "पुरे" त्यांना शिकवला, पण तो काही चालला नाही. आमचाच चालला. जाताना दारात बूट घालताना सुद्धा एकीने आपल्या बुटावर तळहात धरून "पुरे" म्हटलं आणि सगळ्या जिन्यातून हसत खाली गेल्या. लेक त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेली. पाचचं गाणं वाजत होतं.

पुढचा दिवस शाळेचा. मी सकाळपासून घरात कामं शोधत होते. दुपारी कोथिंबिरीला पाणी घालायला गच्चीत गेले. पाणी घालून झालं, तरी झारी घेऊन उभीच राहिले. आदल्या रात्रीच्या वाऱ्याने हवा धुऊन निघाली होती आणि डोंगराची दोन्ही शिखरं स्पष्ट दिसत होती. रस्त्याच्या टोकाला पिवळ्या टोप्या दिसल्या. मी मोजल्या नाहीत, मला मोजायची गरजच पडली नाही. सगळ्यांत पुढे, झिपरीचा हात धरून, उड्या मारत आमची येत होती.

काय झालं ते तिने बूट काढता काढताच सांगितलं, अर्धं जपानीत, अर्धं मराठीत, धाप लागलेली. जेवण वाढायची पाळी मुलांवरच असते, पांढरा अंगरखा आणि टोपी घालून. आज पाळी झिपरीची होती. रस्सा होता, तपकिरी. झिपरीने डाव पुढे केला, आणि आमच्या लेकीने थोडा घेऊन वाडग्यावर हात धरला. पुरे. झिपरी थांबली. मागच्या मुलीनेही हात धरला. पुरे. मग तिच्या मागचीनेही. बाईंनी येऊन विचारलं, हे काय चाललंय? तर झिपरी म्हणाली, असं आधीच सांगितलं की मग टाकावं लागत नाही. बाई म्हणाल्या, ठीक आहे, आधीच सांगायचं.

"आणि संपवलंस?" मी विचारलं. "सगळ्यांबरोबर उठलीस?"

"केर मी काढला," ती म्हणाली. "मागची बाकं पण मीच लोटली."

मी तिच्या कपाळावरून हात फिरवला, तिने तो झटकला, दप्तर कोपऱ्यात भिरकावलं आणि टेबलाशी जाऊन बसली. कालचा भात, घेवडा उरला होता, खिमाही होता थोडा. थोडंसंच जेवली असणार शाळेत, पोटात आग पडली होती पोरीच्या. मी सगळं गरम करून तिच्यापुढे मांडलं आणि बाजूला झाले. "घे," म्हटलं, "तुझं तुला हवं तसं."

तिने रिकामा वाडगा दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरला.

"तू वाढ ना, आई."

मी डाव घेतला. भात वाढला, घेवडा वाढला, खिमा वाढला, कोशिंबीर घातली, पुन्हा भात वाढला. माझी नजर तिच्या हाताकडे होती. वाडगा शिगोशीग भरला तरी हात आडवा आला नाही.